घोड्याचा घांस

मागील वैशाखांत आम्ही चार दिवस माथेरानास गेलों होतों. तेथें गांवांत मोटारीस अद्यापि मज्जाव असल्यामुळें घोडा केवळ हौसेपुरता उरलेला नाहीं. माणसें आणि ओझीं अजून त्याच्या पाठीवरून चढतात. आमच्या उताऱ्याच्या मागील आवारांत संध्याकाळीं एक घोडेवाला आपल्या घोड्यास चंदी चारीत असे. लोखंडी घमेल्यांत भिजविलेले हरभरे, थोडा कोंडा, आणि त्यांत नदींतले असावेत असे तीन मोठे गुळगुळीत गोटे. प्रथम आम्हांस वाटलें, कोणा पोरानें खोडी केली असावी. पण घोड्यास त्या गोट्यांचें कांहींच नवल नव्हतें. तो नाकाड्यानें एक गोटा बाजूस सारी, त्याखालचे पांच-पंचवीस दाणे ओठांनीं वेंची, चावी, आणि मग दुसऱ्या गोट्याकडे वळे. आम्ही विचारलें तेव्हां घोडेवाला म्हणाला, "काका, गोटे नसले तर हा चार घांसांत सगळं आटपतो. दाणा चावत न्हाई, गिळतो. तसाच्या तसा लिदींत पडतो. आणि मग रातभर खांब चावत बसतो. माझा बाप गोटे ठेवायचा, म्हणून मी ठेवतो."

घोड्याचा इतिहास आम्ही पुष्कळ वाचला आहे, म्हणजे त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसांचा वाचला आहे. कोणत्या स्वारींत किती घोडा होता, कोणी एका रात्रींत किती कोस दौड मारली, हें बखरकार आवडीनें सांगतात. तो घोडा ठाणावर आल्यावर त्याच्यापुढें काय पडलें, तें त्यानें किती वेळांत संपविलें आणि त्यांतलें किती टापांखालीं गेलें, ही हकीकत सांगावयास सहसा कोणी थांबत नाहीं. वास्तविक दुसऱ्या दिवसाची दौड ह्याच हकिकतीवर अवलंबून. त्या तीन गोट्यांनीं आम्हांस ह्या शोधास लाविलें. जें हातीं आलें त्यांतलें कांहीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम जनावराच्या पोटाचें पाहूं. बैल भराभर वैरण ओढून पोटांत सांठवितो आणि मग सावलींत बसून सावकाश रवंथ करितो. त्याची घाई त्यास बाधत नाहीं, कारण चावण्याची दुसरी संधि त्याच्या हातची आहे. घोड्यास ही संधि नाहीं. जें एकदां घशाखालीं उतरलें तें उतरलें. त्यास ओकतांही येत नाहीं. त्याचें जठर देहाच्या मानानें फार लहान, ८ ते १५ लिटरांचें. त्यास पित्ताशय नाहीं, म्हणून पित्त थेंबथेंब अखंड स्रवतें; जठरांतील आम्लही पोटांत कांहीं असो वा नसो, पाझरतच राहतें. ह्या आम्लाचा जोर मोडणारी लाळ मात्र तोंड हलत असेल तेव्हांच सुटते. माळावर मोकळा सोडलेला घोडा दिवसाच्या २४ तासांपैकीं १४ ते १६ तास चरण्यांत घालवितो. एक घांस, एक पाऊल, पुन्हां एक घांस, अशा चालीनें जगावयासच तें शरीर घडलेलें आहे. एक किलो वाळलें गवत खावयास त्यास सुमारें ४० मिनिटें लागतात, आणि तेवढ्यांत जबडा ३,००० हून अधिक वेळां हलतो. तोच एक किलो ओट धान्याचा फडशा १० मिनिटांत पडतो, आणि जबड्याच्या हालचाली १,००० च्या आंतच राहतात.

आतां मनुष्यानें काय केलें तें पाहावें. त्यानें घोडा कामासाठीं बांधला. काम भारी म्हणून त्याला दाणा दिला. आणि दाण्यानें पोट लवकर भरल्यावर उरलेला सारा वेळ त्याला खांबापाशीं रिकामा उभा केला. घोडा खांब चावूं लागतो, दांत गव्हाणीच्या कांठावर रोंवून वारा गिळतो, शेजाऱ्याची शेपटी ओढतो, प्रसंगीं लीदही खातो. जुन्या घोडेवाल्यांनीं ह्या सर्वांस खोडी म्हटलें आणि गळ्यास पट्टे आवळले. पोटशूळानें लोळून मेलेल्या घोड्यास कोणाची दृष्ट लागली, ह्याचाही शोध पुष्कळ ठिकाणीं झाला.

उपाय वरवर सोपा दिसतो: हळू खाऊं द्या. पण येथेंच दुसरी अडचण उभी राहते. गवत जमिनीवर पसरावें तर तें घोड्याच्या स्वभावास धरून होतें. मान खालीं राहते, घांस लहान येतो. परंतु बांधलेला घोडा तेंच गवत तुडवितो, त्यावर मुततो, आणि मग त्यास तोंडही लावीत नाहीं. ही नासाडी टाळण्यास खोल भांडें द्यावें तर दाणा एके ठिकाणीं गोळा होतो आणि जनावर तोंड बुडवून बकाबका गिळतें. जें संथ तें वायां जातें आणि जें वायां जात नाहीं तें घाईनें खाल्लें जातें, अशा ह्या पेंचांत घोडा पाळणारे लोक तीन-साडेतीन हजार वर्षें सांपडलेले आहेत.

साडेतीन हजार हा आंकडा आम्ही अंदाजानें लिहिला नाहीं. आशियामायनरांत बोघाझकोई येथें हित्ती लोकांच्या राजधानीचे अवशेष आहेत. तेथें १९०६-०७ सालापासूनच्या उत्खननांत ज्या मातीच्या विटा निघाल्या, त्यांत किक्कुली नांवाच्या मितन्नी देशच्या अश्वशिक्षकाचा रथाचे घोडे तयार करण्यावरील एक ग्रंथ आहे. काळ इसवी सनापूर्वीं सुमारें चौदावें शतक. ह्या ग्रंथांत फेऱ्या मोजावयास ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न असे शब्द येतात. ते वाचतांना मराठी वाचकाच्या कानास काय वाटेल तें सांगणें नको. भाषाशास्त्रज्ञांनीं ह्या शब्दांवर ग्रंथ लिहिले, पण किक्कुलीस शब्दांची पर्वा नव्हती, त्यास घोड्यांची होती. सुमारें सात महिन्यांचा त्याचा क्रम दिवसवार दिलेला आहे: आज किती दौड, किती वेळां पाणी, किती वेळां स्नान. आणि खाण्याविषयीं त्याचा परिपाठ असा कीं जवाचा दाणा चिरलेल्या काडींत मिसळून द्यावा, आणि रात्रभर घोड्यापुढें गवत असावें. दाण्यांत काडी कालविली कीं घोड्यास चावल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि रात्र रिकामी जात नाहीं. पुढील सर्व शहाणपण ह्या दोन गोष्टींचाच विस्तार आहे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

ग्रीक लोकांत सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफन हा स्वतः घोडदळांत वागलेला मनुष्य. इसवी सनापूर्वींच्या चौथ्या शतकांत त्यानें घोडेस्वारीवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. तबेला अशा जागीं असावा कीं धन्याची नजर घोड्यावर वारंवार पडेल, असा त्याचा पहिला आग्रह. कारण त्यानें मोठें व्यावहारिक दिलें आहे: आपल्या कोठारांतून आपलें अन्न चोरीस जाऊं नये म्हणून आपण जितके जपतों, तितकेंच घोड्याच्या गव्हाणींतलें अन्न चोरीस जाऊं नये म्हणून जपावें. मोतद्दार आणि चंदी ह्यांचा संबंध अथेन्सांतही पुण्यासारखाच होता म्हणावयाचा! पण ह्याच ठिकाणीं त्यानें एक बारीक गोष्ट नोंदविली आहे. घोडा चारा तोंडांतून बाहेर सांडूं लागला तर तिकडे दुर्लक्ष करूं नये. त्याचें रक्त वाढलें असेल, किंवा तो थकला असेल, किंवा जवाच्या अतिरेकानें होणारा रोग त्यास जडूं पाहत असेल. सांडलेल्या दाण्याकडे इतर लोक नुकसान म्हणून पाहतात. ह्या मनुष्यानें तें लक्षण म्हणून पाहिलें. घोडा लगामावांचून बाहेर नेतांना त्यास मुसकें घालावें, असेंही तो सांगतो. मळणीच्या बैलास मुसकें घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास हें नवें वाटणार नाहीं, हेतु मात्र येथें चाव्यापासून रक्षण हा आहे.

आपल्याकडे कौटिल्यानें अश्वाध्यक्षाचा एक सबंध अध्याय लिहिला आहे. प्रत्येक घोड्यास स्वतंत्र ठाण, खालीं गुळगुळीत फळ्या, मलमूत्र निघून जाण्याची सोय, आणि पुढें खादनकोष्ठक म्हणजे चारा खावयाची पेटी. तबेल्यांत वानर, मोर, मुंगूस, चकोर, पोपट व मैना ठेवाव्या असेंही तो म्हणतो. सैन्याच्या पागेचें हें चित्र जरा गजबजलेलें दिसतें खरें. उत्तम घोड्यास दोन द्रोण धान्य, तें कांहीं कोरडें व कांहीं शिजविलेलें, शिवाय तेल, मीठ, मांस. आणि ह्या सर्वांवर अर्धा भार चारा, ओलें गवत असल्यास त्याची दुप्पट. मगधाच्या राजसत्तेनें खर्चाचा एवढा हिशेब बांधला, तो अर्थात् हिशेबाच्या प्रेमानें बांधला. पण त्यांतलें खादनकोष्ठक आम्हांस फार मोलाचें वाटतें. प्रत्येकाचें त्याच्यापुढें आणि जमिनीपासून वेगळें, एवढी गोष्ट त्या काळीं ठरून गेली होती.

ह्यानंतरचीं शतकें आम्ही सोडून देतों. शालिहोत्राच्या नांवावर पुढें पुष्कळ पोथ्या झाल्या आणि त्यांत घोड्याच्या भोंवऱ्यांचीं शुभाशुभ फळें त्याच्या पचनापेक्षां अधिक पानें खातात.

महाराष्ट्रांतील घोडा काय खात होता ह्याची एक मौजेची साक्ष रशियन मनुष्यानें दिलेली आहे. अफनासी निकितीन हा त्वेर गांवचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत समुद्रमार्गें चौलास उतरला आणि घाट चढून जुन्नरास आला. विकण्यासाठीं त्यानें एक घोडा आणला होता व तो येथवर पोंचविण्यास शंभर रूबल खर्चिले होते. जुन्नरच्या खानानें तो घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलशील तर देतों असें सांगितलें. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीनें घोडा व धर्म दोन्ही वांचले. पावसाळा त्यानें जुन्नरांतच काढला. हिंदूंच्या देशांत घोडे उपजत नाहींत, बैल व म्हशी उपजतात, असें तो लिहितो, आणि येथें घोड्यांस हरभरे चारतात व साखर आणि तूप-तेल घालून खिचडी शिजवून देतात, हें त्यानें आश्चर्यानें नोंदविलें आहे. ओट आणि गवत ह्यांवर घोडा वाढविणाऱ्या देशांतून आलेल्या माणसास ही मेजवानी वाटली असल्यास नवल नाहीं. आमची शंका अशी कीं ह्या मेजवानीनें अरबस्तानांतून आणलेल्या किती तरी घोड्यांचे प्राण घेतले असावे. त्याच्या दोनशें वर्षें आधीं मार्को पोलोनें पूर्व किनाऱ्याविषयीं हेंच लिहिलें आहे: येथें घोड्यांस मांस व शिजविलेला भात चारतात, घोडे टिकत नाहींत, आणि दर वर्षीं समुद्रावरून नवे आणावे लागतात. मऊ शिजविलेल्या अन्नांत जबड्यास काम नाहीं, आणि जबड्यास काम नाहीं तेथें लाळ नाहीं.

दख्खनच्या तट्टाचें नशीब ह्या बाबतींत चांगलें होतें, कारण त्याच्या वांट्यास खिचडी क्वचित् येई. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोडा, ज्याची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारदप्तरीं नोंद झाली आहे, तो कडब्यावर आणि माळावरच्या हरळीवर वाढला. ज्वारीचें ताट म्हणजे काय वस्तु आहे हें ज्यानें शेत पाहिलें त्यास ठाऊक आहे. तें सोलावें लागतें, मोडावें लागतें, फार वेळ दळावें लागतें. घोड्यास मंद खावयास लावणारें याहून स्वस्त साधन कोणत्याही कारखान्यांत निघालेलें नाहीं.

परंतु मराठी फौजेच्या मुक्कामावर कडबा नेहमीं कोठून मिळणार? तेथें दाणा द्यावयाचा आणि तो तोबऱ्यांतून. तोबरा हा शब्द फारशीचा, पण वस्तु इतकी आपली होऊन गेली कीं गालांत पान कोंबून बोलणाऱ्यासही आपण 'तोबरा भरला आहे' असें म्हणतों. केंसांच्या दोरीचा, चामड्याचा किंवा जाड कापडाचा हा झोळा घोड्याच्या तोंडास अडकविला कीं छावणींत गव्हाण नको. दाणा मापून घातां येतो, शेजारचा घोडा त्यांत तोंड घालीत नाहीं, जमिनीवर कण सांडत नाहीं. आगाडी-पिछाडीनें बांधलेल्या हजारों घोड्यांस एका घटकेंत चंदी पोंचविण्याची दुसरी युक्ति त्या काळीं नव्हतीच. नासाडी थांबविण्याचें काम तोबरा उत्तम करी. घाई थांबविण्याचें काम मात्र त्याच्यानें होत नसे. उलट तो घाईस मदत करी. दाणा तळाशीं गोळा झालेला, वरून स्वतःच्याच श्वासाची वाफ, आणि तोंड बाहेर काढण्याची सोय नाहीं. शेवटचे दाणे ओठास लागेनात कीं घोडा मान वर झुगारतो, आणि त्या झुगारण्यांत जें इतका वेळ वांचविलें तें मातींत जातें. म्हणून समजूतदार मोतद्दार दाण्यांत भूस किंवा चिरलेली काडी मिसळी, आणि घोडा तळाशीं पोंचला कीं दोरी एक गांठ वर घेई. तोबरा न काढतां घोडा पाण्यावर सोडणारा मोतद्दार मात्र घोडा गमावून परत येई, कारण पाण्यानें भरलेला झोळा नाकपुड्या बंद करितो.

येथवर एका घोड्याचा विचार झाला. हजारों घोड्यांची वैरण म्हणजे एका मुलखाचें पोट, आणि हें ज्यानें स्पष्ट शब्दांत लिहून ठेविलें तो पुरुष मोतद्दार नव्हता, राजा होता. राज्याभिषेकाच्या सुमाराचें, म्हणजे १६७३-७४ सालचें, शिवाजीमहाराजांचें एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळुणाजवळ पावसाळ्याच्या छावणीस असलेल्या पागेचे जुमलेदार, हवालदार व कारकून ह्यांस तें लिहिलेलें आहे. प्रजेविषयींची कळकळ दाखविण्यास त्यांतील कांहीं वाक्यें व्याख्यानांत नेहमीं येतात. पण तें पत्र मुळांत आहे घोड्याच्या चाऱ्याचें, आणि तें त्या दृष्टीनें सबंध वाचणारे आम्हांस फार भेटले नाहींत.

प्रसंग असा. दाभोळ सुभ्यांत पावसाळ्यासाठीं पागेकरितां दाणा-वैरणीची तरतूद केलेली होती. फौजेचा तळ त्या भागांत पडल्यामुळें त्यांतला बराच भाग आधींच उडाला. वैशाखाचे दिवस अद्याप शिल्लक, पागा बसून खाणार, घाटावर जाण्याची सोय नाहीं. तेव्हां कारकुनांकडून आणि गडागडांवरून जें धान्य निघेल तें काढून कशीबशी बेगमी जुळविली. ह्यानंतर महाराज पागेच्या लोकांस जो हिशेब समजावून देतात तो अगदीं घरांतल्या वडील माणसानें कोठीचा हिशेब सांगावा तसा आहे. आहे तोंवर मन मानेल तसें चाराल, तर भर पावसांत कांहीं मिळणार नाहीं. घोडे उपाशी पडतील, मरूं लागतील, आणि ते तुम्हीच मारले असें होईल. इतक्यावर हें थांबणार नाहीं. चारा संपला कीं लोक गांवांत शिरतील. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. जे कुणबी कसाबसा जीव धरून घरीं राहिले आहेत तेही उठून जातील, कित्येक उपासानें मरतील, आणि मोगल मुलखांत आले त्याहून तुम्ही वाईट असें त्यांस वाटेल.

वाचकांनीं ही साखळी पाहावी. एका टोंकास घोड्यापुढें पडलेली जास्तीची पेंढी आणि दुसऱ्या टोंकास गांव सोडून जाणारा कुणबी; मधल्या कड्या सगळ्या दिलेल्या आहेत, एकही गाळलेली नाहीं. म्हणून ठरलेल्या मापानें, बेतानें चारा, आणि ती बेगमी पावसाळाभर पुरवा, असा हुकूम. कोंकणांतला पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस 'पुरवा' ह्या शब्दाचें वजन कळेल. एकदां धार लागली कीं घाटावरून एक गाडी वैरण उतरविणेंही कठीण.

आणि मग आग. पत्राचा उत्तरार्ध सगळा गवताच्या गंज्यांच्या काळजीनें भरलेला आहे. कोणी शेकोटी पेटवील, कोणी भलत्या जागीं चूल मांडील, कोणी तंबाखूसाठीं विस्तव नेईल, वारा कोणीकडचा आहे हें पाहणार नाहीं. एका खणास आग लागली कीं सारे खण जातील. रात्रीं दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवतांत जाईल, एवढेंही लिहावयास महाराज विसरले नाहींत. सगळें गवत जळाल्यावर कोणाची मान मारली तरी एक काडी मिळणार नाहीं, असा त्याचा रोख आहे. मोठ्या साम्राज्यांचे घोडे वाढविण्याचे ग्रंथ आम्ही वर सांगितले. उंदरानें नेलेल्या वातीपर्यंत पोंचलेला लेखक त्यांत आम्हांस दुसरा दिसला नाहीं.

ह्या तरतुदीचा धडा पुढील पिढ्यांनीं किती घेतला हें पाहूं गेल्यास मन खिन्न होतें. १७६० च्या नोव्हेंबरापासून पानिपतावर भाऊसाहेबांची फौज अडकून पडली, दिल्लीकडची वाट तुटली, डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशा गेली. चाऱ्यासाठीं रात्रीं बाहेर पडलेल्या लोकांवर अफगाण स्वार तुटून पडत. १४ जानेवारी १७६१ रोजीं जे घोडे रणांत उतरले ते कित्येक आठवडे पुरेसें गवत न पाहिलेले होते. त्या दिवशींच्या डावपेंचांची चर्चा पुष्कळ झाली आहे. उपाशी घोड्यावर बसून कोणताही डावपेंच किती वेळ चालतो, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारून पुढें जातों.

विलायतेंत हा विषय निराळ्या वाटेनें पुढें आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथें काडी चिरण्याचीं यंत्रें निघालीं, आणि एकोणिसाव्यांत लंडनच्या घोड्यांच्या बसगाड्यांस हजारों घोडे लागूं लागले, तेव्हां अख्खें गवत टाकावें कीं चिरून दाण्यांत मिसळावें, ह्याचे पैशांत हिशेब मांडले जाऊं लागले. किक्कुलीची रीत तेथें नफ्यातोट्याच्या वहींतून परत आली. त्याच काळीं मोठ्या तबेल्यांत घोड्याच्या डोक्यावर उंच लोखंडी जाळीची गव्हाण बसविण्याची चाल होती. गवत तुडविलें जात नसे हें खरें, पण धूळ आणि कुसळें घोड्याच्या डोळ्यांत व नाकांत पडत. पुढें पशुवैद्यांनींच तिच्याविरुद्ध ओरड केली. चरणाऱ्या जनावराची मान खालीं असते, नाक-घसा खालच्या बाजूस निचरतो. त्यास वर पाहून जेवावयास लावणें म्हणजे आपण झोपाळ्याखालीं उभें राहून वरून पडणारा भात झेलण्यासारखें आहे.

मग आली दोरीची जाळी. १९१४-१८ च्या महायुद्धांत इंग्लंडनें फ्रान्सांत पाठविलेल्या मालांत चाऱ्याचें वजन सुमारें ५४ लाख टन होतें, आणि दारूगोळ्याचें ५२ लाखांच्या आसपास. तोफांच्या त्या युद्धांत तोफगोळ्यांपेक्षां गवत जड भरलें, हें आम्ही प्रथम वाचलें तेव्हां आंकडा पुन्हां तपासून पाहिला. समुद्रापलीकडून आलेलें तें गवत फ्लँडर्सच्या गुडघाभर चिखलांत टाकणें शक्यच नव्हतें. तें जाळींत भरून टांगावें लागे. आणि तरीही चारा अपुरा पडे. भुकेनें व थंडीनें पिडलेले घोडे एकमेकांच्या पाठीवरच्या घोंगड्या चावीत. त्या घोड्यांत हिंदी रिसाल्यांचेही होते, हें येथें सांगितलें पाहिजे.

जाळी जन्मली नासाडी थांबविण्यासाठीं. ती घाईही थांबविते हें मागाहून लक्षांत आलें. भोंक लहान केलें कीं घोड्यास एकदम गुच्छा ओढतां येत नाहीं, चार-दोन काड्या ओठांनीं बाहेर काढाव्या लागतात, म्हणजे माळावरचाच प्रकार झाला. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ह्याची मोजदाद झाली आहे. जमिनीवर टाकलेलें गवत ज्या घोड्यांनीं साधारण ३ तासांत संपविलें, तेवढेंच सव्वातीन सेंटिमीटर भोंकांच्या जाळींतून खावयास त्यांस ६ तासांहून अधिक लागले. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या प्रयोगांत गवताचे मोठे गोल भारे उघड्यावर नुसते टाकले तेव्हां निम्म्याहून अधिक गवत वायां गेलें, आणि चांगल्या चारापिंजऱ्यांत ही नासाडी शेंकडा ५ पर्यंत उतरली. साडेतीन हजार वर्षांचा पेंच दोरीच्या गांठींनीं सुटला असें म्हणावयास हरकत नव्हती. परंतु दोरीसही दोष आहेत. उंच टांगली तर लोखंडी गव्हाणीचा दोष परत येतो. खालीं टांगली तर रिकामी झाल्यावर लोंबते, आणि नाल ठोकलेल्या घोड्याचा पाय तींत अडकतो. भोंक फारच लहान असेल तर भुकेला घोडा चिडून जाळीच चावूं लागतो. म्हणून नव्या घोड्यास आधीं मोठ्या भोंकाची द्यावी, असें जाणते सांगतात.

निघावयाच्या दिवशीं सकाळीं आम्ही त्या घोडेवाल्यास ह्या जाळीची हकीकत सांगितली. त्यानें भोंक केवढें असतें तें विचारलें. आम्ही अंगठा व तर्जनी जुळवून दाखविलें. तो जरा विचार करून म्हणाला, "गवत सगळं खालून वर आणावं लागतं, काका. पायाखाली गेलं की जीव तुटतो. अलिबागेला मेव्हणा हाय, त्याच्याकडं जुनं जाळं असंल. पण घोड्याला नाल हाय. पाय अडकला म्हंजे?" आम्ही म्हटलें, जाळें रिकामें झालें तरी गुडघ्याच्या वर राहील इतकेंच उंच बांधावें, आणि रात्रीं एकदां उठून पाहावें. "ते तर उठतोच," तो म्हणाला. घोड्याचें खाणें आटपलें होतें. त्यानें घमेल्यांतले तिन्ही गोटे काढले, हौदावर धुतले आणि भिंतीच्या कोनाड्यांत एकावर एक रचून ठेविले.